नळगंगेचें पाणी

मराठींत एक जुनी म्हण आहे कीं, नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये. दुसरी तितकीच जुनी समजूत अशी कीं, वाहतें पाणी सदा निर्मळ. पहिलीनें नदीच्या वरच्या अंगास काय चाललें आहे हें पाहण्याची संवय लोकांस लागूं दिली नाहीं, आणि दुसरीनें खालच्या अंगास काय जातें याची चिंता उरूं दिली नाहीं. गंगा, गोदावरी, कृष्णा या थोर नद्यांना माहात्म्यें आहेत, घाट आहेत, पर्वण्या आहेत. त्यांचें पाणी बिघडलें तर देशभर ओरड होते. परंतु महाराष्ट्रांतील बहुसंख्य गांवांचा संसार ज्या नद्यांवर चालतो त्या लहान आहेत. नकाशावर त्या केसासारख्या रेषेनें दाखविलेल्या असतात. श्रावणांत चार दिवस त्या गर्जतात, आणि शिमगा उलटला कीं त्यांच्या पात्रांत डोह तेवढे उरतात. अशा लहान नदीचें पाणी कसें बिघडतें, आणि तें राखण्याची व्यवस्था समाजानें व सरकारनें कोणत्या क्रमानें केली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूरच्या नळगंगेइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं मुंबईहून नागपुरास आगगाडीनें प्रवास केला असेल, त्यांनीं भुसावळ मागें पडल्यावर मलकापूर स्टेशन पाहिलें असेल. वऱ्हाडाचे पूर्वीपासून दोन भाग मानले जातात. दक्षिणेकडील उंचवटा तो बालाघाट, आणि त्याच्या व सातपुड्याच्या मधली पूर्णेची सपाट, काळी, कापूसपिकी भूमि तो पायनघाट. अजिंठ्याच्या डोंगररांगेची बुलढाण्याकडील बाजू जेथें उतरते तेथून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा लहान लहान नद्या उत्तरेस धांवतात व पूर्णेस मिळतात. पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवाच्या क्षेत्रापाशीं तापीस मिळते, आणि तापी सुरतेजवळ समुद्रास. या सर्व लहान नद्यांच्या नांवांत 'गंगा' हा शब्द आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्यांनीं हीं नांवें ठेविलीं त्यांच्या दृष्टीस ओढा आणि भागीरथी यांत पावित्र्याचा भेद नव्हता. भेद झाला तो पुढें, आणि तो पावित्र्याचा नसून पाण्याच्या परिमाणाचा होता.

मलकापूर हें गांव नळगंगेच्या कांठीं वसलें. खानदेशच्या फारुकी घराण्यांतील राजपुत्रानें तें वसविलें व राजकन्येच्या, म्हणजे मलिकेच्या, नांवावरून त्यास हें नांव मिळालें, अशी परंपरा सांगतात. अकबराच्या काळीं 'ऐने अकबरी'मध्यें नरनाळा सरकारांतील एक परगणा म्हणून त्याची नोंद झाली. अठराव्या शतकांत तें इतकें संपन्न होतें कीं, राघोबादादांच्या फौजेकडून लूट होऊं नये म्हणून गांवानें ६०,००० रुपये मोजले. १८०३ सालीं असईच्या लढाईपूर्वीं दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्यांचा तळ याच मुलुखांत पडला होता. सैन्याचा तळ घालणारा सरदार प्रथम पाणी पाहतो. माणसें, घोडे, बैल, हत्ती यांना रोज पुरेल इतकें गोड पाणी जेथें आहे तेथेंच छावणी ठरते. त्या काळच्या युद्धाच्या नकाशावर गांवांचीं नांवें दिसतात, परंतु त्या नांवांच्या खालीं खरोखर नद्या आहेत.

पायनघाटांत गोड पाण्याचें मोल इतरत्रांपेक्षां अधिक असण्याचें एक कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत शेंकडों फूट जाडीचा गाळ सांठलेला आहे, आणि त्या गाळांतील पाणी मोठ्या टापूंत खारें आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्हीं जिल्ह्यांत पसरलेल्या या टापूस लोक 'खारपाण पट्टा' म्हणतात. मलकापूर तालुक्याचा पूर्णेकडील भाग त्यांतच मोडतो. अकोल्याच्या बाजूस जुन्या काळीं मुद्दाम खोल विहिरी खणून त्यांतील खारें पाणी वर काढीत आणि त्याचें मीठ करीत. जमिनीखालच्या पाण्यापासून मीठ निघावें, यावरून तें पाणी पिण्यास कितपत योग्य असेल हें उघड आहे. हल्लींच्या भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचें प्रमाण लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावें, आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावें. खारपाण पट्ट्यांतील अनेक विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार या गांवांतून वर्षानुवर्षें ऐकूं येते. अशा मुलुखांत डोंगरांतून पावसाचें ताजें पाणी घेऊन येणारी लहान नदी ही केवळ शोभेची वस्तु राहत नाहीं. इतर प्रांतांत नदी बिघडली तर गांव विहिरीकडे वळूं शकतें. येथें विहीर निसर्गानेंच आधीं बिघडवून ठेविली आहे, आणि म्हणून नदी बिघडली कीं मागें हटण्यास जागा राहत नाहीं.

आपल्या पूर्वजांस पाणी राखण्याची जाणीव नव्हती असें मुळींच नाहीं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र, रक्त किंवा विष टाकूं नये असा स्पष्ट निषेध आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पाणवठ्यावर घाण करणारास दंड सांगितला आहे. गांवोगांवच्या नद्यांवर पाणवठ्यांचा एक क्रम ठरलेला असे. वरच्या अंगास पिण्याचें पाणी भरावयाचें, त्याखालीं गुरें पाजावयाचीं, आणि त्याखालीं धुणें धुवावयाचें. हा क्रम शास्त्राला धरूनच होता. परंतु या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वरचा पाणवठा कोणाचा आणि खालचा कोणाचा हें जातीनें ठरत असे. ज्यांना समाजानें अस्पृश्य मानलें त्यांच्या वांट्यास प्रवाहाचें खालचें अंग येई, म्हणजे साऱ्या गांवाचें धुऊन झालेलें पाणी येई. १९२७ च्या मार्च महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां त्या कृतीनें हाच जुना हिशेब जगापुढें मांडला. विटाळ स्पर्शानें होतो असें मानणाऱ्या समाजाचें लक्ष पाण्यांत खरोखर काय मिसळलें आहे याकडे कमीच गेलें. पाण्याच्या दूषणाचा भार नेहमीं खालच्या अंगास राहणारावर पडतो, हा नियम तेव्हांही होता आणि आजही आहे. बदललें तें एवढेंच कीं, तेव्हां वरच्या अंगास गांव होतें आणि आज गटारें व कारखाने आहेत.

इंग्रजी अंमलांत पाण्याच्या रक्षणास प्रथमच लेखी कायद्याचें रूप आलें. १८६० च्या दंडसंहितेच्या २७७ व्या कलमानें, सार्वजनिक झऱ्याचें किंवा जलाशयाचें पाणी जो कोणी बुद्ध्या घाण करील व त्याच्या नेहमींच्या उपयोगास कमी योग्य करील, त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. कलम चांगलें होतें, परंतु त्यांत एक शब्द नव्हता. तो म्हणजे 'नदी'. एकोणिसाव्या शतकांतच उच्च न्यायालयांनीं असा अर्थ लावला कीं, पात्रांतून अखंड वाहणारा प्रवाह हा 'सार्वजनिक झरा' किंवा 'जलाशय' या शब्दांत बसत नाहीं. आडांत घाण टाकणारा गुन्हेगार ठरला. नदींत तेंच करणारा या कलमाच्या कक्षेबाहेर राहिला. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यानें, जमिनीवरून स्वभावतः जाणारें पाणी इतरांनीं अवास्तव दूषित करूं नये असा हक्क मान्य केला. पण तो जमिनीच्या मालकाचा हक्क होता, घागर घेऊन येणाऱ्या बाईचा नव्हता. पुढें १६४ वर्षांनीं, १ जुलै २०२४ पासून, जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली. तिच्या २७९ व्या कलमांत कैद सहा महिन्यांपर्यंत व दंड ५,००० रुपयांपर्यंत वाढला, परंतु शब्द तेच राहिले: झरा आणि जलाशय.

नदी वगळली गेली याचें कारण निष्काळजीपणा इतकेंच नाहीं. 'वाहतें पाणी निर्मळ' ही समजूत केवळ मराठी नव्हती. विलायतेंतही तीच होती. १८५८ च्या उन्हाळ्यांत लंडनजवळ टेम्स नदीची दुर्गंधि इतकी वाढली कीं, पार्लमेंटास काम चालविणें अशक्य होऊं लागलें. मग १८६८ सालीं नेमलेल्या नदीदूषण कमिशननें, ज्यांत एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ होते, प्रयोग करून पाहिलें. त्यांचा १८७४ चा निष्कर्ष असा होता कीं, मैलापाणी केवळ वाहतां वाहतां शुद्ध होण्यास पुरेल इतकी लांब नदी साऱ्या ब्रिटनमध्यें एकही नाहीं. समजुतीस शास्त्रानें दिलेला हा पहिला मोठा धक्का होय.

यानंतर प्रश्न असा उभा राहिला कीं, सांडपाणी किती घाण असलें तर नदी तें सोसूं शकेल? घाण मोजण्याची एक युक्ति निघाली. पाण्यांतील सेंद्रिय घाण कुजतांना सूक्ष्म जंतु पाण्यांतला प्राणवायु खातात. ठराविक दिवसांत किती प्राणवायु खाल्ला गेला हें मोजलें कीं घाण किती हें समजतें. यास 'जैव प्राणवायूची मागणी' म्हणतात. मासे व इतर जलचर त्याच प्राणवायूवर जगतात. म्हणून मागणी वाढली कीं नदी अक्षरशः गुदमरते. ब्रिटनच्या दुसऱ्या एका रॉयल कमिशननें १९१२ सालीं याच मापावर आपला प्रसिद्ध हिशेब बसविला. नदीच्या चांगल्या पाण्याची मागणी लिटरमागें २ मिलिग्रॅम असते. ती ४ च्या वर जाऊं नये. आणि एक भाग सांडपाण्यास नदीचे निदान आठ भाग पाणी मिळत असेल, तर त्या सांडपाण्याची मागणी २० पर्यंत चालेल. हिशेब सोपा आहे. एक भाग वीसचा आणि आठ भाग दोनचे मिळून छत्तीस. त्यास नवानें भागलें कीं चार. वीस हा आंकडा जगभर गेला, अनेक देशांच्या कायद्यांत बसला. परंतु त्याच्यामागें उभे असलेले 'आठ भाग पाणी' पुष्कळ ठिकाणीं वाटेंतच गळून पडले.

भारतांत हल्लीं नद्यांत सोडावयाच्या सांडपाण्यास ३० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि स्नानास योग्य अशा नदीच्या पाण्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. वरच्याच रीतीनें हिशेब केला तर काय दिसतें? नदीचें मूळ पाणी दोनचें धरलें, तर तीसच्या एका भाग सांडपाण्यास सामावून घेण्यास तें सत्तावीस भाग लागतें. म्हणजे एखाद्या शहराचें व कारखान्याचें पाणी कायद्याच्या मर्यादेंत राहून, पूर्ण प्रामाणिकपणें, रोज एक घागर नदींत पडलें, तर त्या नदींत रोज सत्तावीस घागरी चांगलें पाणी वाहतें असलें पाहिजे. टेम्स किंवा ऱ्हाईन बारमाही वाहतात. नळगंगा ही पावसावरची नदी. तिच्या पात्रांत वर्षांतील बहुतेक महिने सत्तावीस घागरी कोठून येणार? जी नदी उन्हाळ्यांत वाहतच नाहीं, तींत सांडपाणी सोडलें तर सांडपाणी हीच नदी होते. येथें कोणी नियम मोडण्याचीही गरज राहत नाहीं. मोठ्या नदीच्या मापानें शिवलेला अंगरखा लहान नदीस घातला, कीं नियम पाळूनच तिचा नाश होतो.

आतां मलकापुराकडे पुन्हां वळूं. १८६७ सालीं मुंबईची लोखंडी सडक नागपुरापर्यंत पोंचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदरास जाऊं लागला. १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं खामगांवच्या कापूसबाजाराचें व तेथील रेल्वेचें उद्घाटन केलें. मलकापुरांतही जीन-प्रेस उभे राहिले. सरकीपासून रुई वेगळी करणें आणि तिच्या गांठी बांधणें, हीं दोन्हीं कामें कोरडीं आहेत. त्यांत धूर व धूळ उडते, पण रसायन नदींत जात नाहीं. म्हणून वाफेच्या यंत्रांच्या पहिल्या युगांत नळगंगेस कारखान्याची झळ फारशी लागण्याचें कारण नव्हतें. वाढलें तें शहर. १९०१ सालीं मलकापूरची वस्ती सुमारें १३,००० होती. २०११ च्या शिरगणतींत ती ६७,००० हून अधिक भरली. वस्ती पांचपट झाली, पण नदीचें पात्र तेवढेंच राहिलें.

कारखानदारीचें दुसरें युग आलें तें स्वतंत्र महाराष्ट्र राज्याबरोबर. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत औद्योगिक वसाहती निघाल्या. मलकापुराजवळ हमरस्त्यावर दसरखेड येथें अशी वसाहत झाली, आणि तींत रसायनांचे कारखानेही आले. ज्या भागांत शेतीशिवाय रोजगार नाहीं तेथें कारखाना येणें ही इष्टच गोष्ट आहे. याच सुमारास कायद्यानेंही अखेर नदीचें नांव घेतलें. ओरिसानें १९५३ सालींच नदीदूषण प्रतिबंधाचा कायदा केला होता. महाराष्ट्रानें १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व ७ सप्टेंबर १९७० रोजीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. १९७४ सालीं पार्लमेंटानें साऱ्या देशासाठीं जल अधिनियम केला, आणि १९८१ मध्यें महाराष्ट्रानें तो स्वीकारला. त्या अधिनियमांत 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या मुद्दाम अशी केली आहे कीं, तींत नदी येते, ओढा येतो, आणि पाणी वाहत असो वा तात्पुरतें आटलेलें असो, कोरडें पात्रही येतें. १८६० सालीं जी नदी शब्दांतून निसटली होती, ती शंभराहून अधिक वर्षांनीं कायद्यांत परत आली.

परंतु तोंपर्यंत घाणीचें स्वरूपच बदललें होतें. मैलापाणी कुजतें, आणि वेळ व प्राणवायु मिळाला तर तें निदान कुजून नाहींसें होतें. रसायनांचें तसें नाहीं. क्षार कुजत नाहींत, जड धातू कुजत नाहींत, आणि पुष्कळ कृत्रिम द्रव्यें जंतूंच्या भक्ष्यांत बसत नाहींत. जपानमध्यें कामिओका येथील खाणीतून कॅडमियम नांवाचा धातु जिंझू नदींत उतरत राहिला. नदीचें पाणी भातशेतींत गेलें, भातांतून तो माणसांच्या हाडांत शिरला, आणि रोग्यांचीं हाडें नुसत्या खोकल्यानेंही मोडूं लागलीं. त्या रोगाचें नांवच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतें, दुखतें', असें पडलें. १९६८ सालीं जपानी सरकारनें त्याचें कारण अधिकृतपणें मान्य केलें. त्या पाण्यास वास नव्हता, रंग नव्हता. डोळा आणि नाक या दोन जुन्या पहारेकऱ्यांस रसायन फसवितें, ही या नव्या दूषणाची विशेष भीति होय.

शिवाय सर्वच रसायन कारखान्याच्या नळांतून येतें असें नाहीं. कापूस हें पायनघाटाचें वैभव. भारतांत पिकांखालील एकंदर जमिनीपैकीं सुमारें ५ टक्के जमीन कापसाखालीं असतां, २००२ मध्यें बीटी वाण येण्यापूर्वीं देशांतील कीटकनाशकांपैकीं जवळजवळ निम्मा वांटा याच पिकावर फवारला जाई. पहिल्या जोराच्या पावसांत शेताचें पाणी ओढ्यांत, ओढ्याचें नदींत जातें. त्याबरोबर खताचे क्षार जातात, औषधांचे अंश जातात. या दूषणास मालक नाहीं, नळ नाहीं, आणि म्हणून त्याच्यावर नोटीसही बजावतां येत नाहीं.

नळगंगेच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडली. १९६० च्या दशकांत मोताळा तालुक्यांत नदीवर धरण झालें. त्याचा उपयुक्त सांठा सुमारें ७० दशलक्ष घनमीटर आहे. त्यानें शेतीस व नळास पाणी दिलें, हें त्याचें मोठें उपकार आहेत. पण धरण वरच्या अंगास आहे आणि शहर खालच्या. जें पाणी पूर्वीं पात्रांतून उतरत जाऊन घाण पातळ करीत असे, त्याचा बराच भाग आतां वर अडतो. लहान नदीजवळ औषध म्हणून एकच द्रव्य होतें, तें म्हणजे तिचा स्वतःचा प्रवाह. धरणाच्या आखणींत शेतीचा वांटा धरला गेला, नळाचा धरला गेला. नदीचा वांटा मागावयास कोणी वकील उभा नव्हता.

आणि मलकापूर शहर पाणी कोठून पितें? नदीकांठचें हें शहर पूर्णेवर धुपेश्वर येथें आपलें जलकेंद्र ठेवून आहे. त्या जलकेंद्राच्या वरच्या अंगास प्रदूषण नियंत्रण मंडळाचें पाणी तपासण्याचें ठाणें आहे. २०१८ सालीं केंद्रीय मंडळानें देशांतील ३५१ दूषित नदीखंडांची यादी प्रसिद्ध केली. ज्या खंडांत जैव प्राणवायूची मागणी लिटरमागें ३ मिलिग्रॅमच्या वर गेली तीं खंडें यादींत घातलीं. त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांतील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, होतीं. त्या यादींत 'पूर्णा, धुपेश्वर ते आसेगांव' अशी नोंद आहे. पूर्णेस मिळणाऱ्या लहान नद्यांपैकीं अकोल्याची मोर्णा आहे, अमरावतीकडील पेढी आहे. नळगंगेचें नांव त्यांत नाहीं.

या नसण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. यादी अशा नद्यांचीच होते कीं ज्यांचें पाणी नियमानें तपासलें जातें. जेथें ठाणें नाहीं तेथें आंकडा नाहीं. आंकडा नाहीं तेथें दूषण नाहीं, असें कागद म्हणतो. ज्या रोग्याची नाडी कोणी पाहिली नाहीं त्यास वैद्याच्या वहींत निरोगी म्हणून लिहावें, तसा हा प्रकार होतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१८ सालीं या ३५१ खंडांच्या सुधारणेसाठीं प्रत्येक राज्यास समिति नेमावयास लावली, आणि तें योग्यच झालें. परंतु पूर्णा काय आहे? ती तिच्या लहान नद्यांची बेरीज आहे. बेरजेवर उपचार करावयाचा आणि रकमा तपासावयाच्या नाहींत, यांतून हिशेब कधींच जुळणार नाहीं.

इतिहासाची एक मौज पाहावी. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास मंजुरी दिली. पूर्व विदर्भांतील गोसीखुर्द धरणाचें पाणी ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्यानें पश्चिमेस आणून अखेर नळगंगेच्या जलाशयांत सोडावें, अशी ही योजना आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला व बुलढाणा या सहा जिल्ह्यांतील शेतीस तिचा लाभ व्हावा हा तिचा उद्देश. ज्या नदीचें नांव दूषित नद्यांच्या यादींत यावयास देखील कोणी तपासणारा मिळाला नाहीं, तिचें नांव एवढ्या मोठ्या योजनेच्या माथ्यावर शोभत आहे. पाणी चारशें किलोमीटरांवरून आणतां येतें. परंतु तें जेथें येऊन पोंचणार तें पात्र निर्मळ ठेवण्याचें काम कोणत्याही कालव्यानें होणारें नाहीं.

या दीडशें वर्षांच्या कथेंतून निघणारा धडा एकच आहे. समाजानें प्रथम आड राखला, मग तळें राखलें, कारण त्यांना मालक होता. नंतर कायद्यानें मोठ्या नदीस हात दिला, कारण तिच्यामागें लोकमत होतें. लहान नदी सर्वांत शेवटीं आली, आणि तिच्यासाठीं आलेलें मापही उसनें होतें. तें माप बदलणें अशक्य नाहीं. सांडपाण्याची मर्यादा कागदावर साऱ्या देशासाठीं एक न ठेवतां त्या त्या नदीच्या वैशाखांतील प्रवाहावरून ठरविली पाहिजे. ज्या नदीस वैशाखांत प्रवाहच नाहीं तींत त्या ऋतूंत कांहींही सोडूं नये, तें पाणी शुद्ध करून शेतांत किंवा कारखान्यांत फिरवावें. प्रत्येक तालुक्यांतील लहान नदीवर तपासणीचें एक तरी ठाणें असावें, आणि त्याचे आंकडे नगरपरिषदेच्या दारावर, सर्वांस वाचतां येतील अशा मराठींत लावावेत. धरणाच्या पाण्याचे वांटे करतांना त्यांत एक वांटा नदीचाही धरावा. यांतील एकही गोष्ट शास्त्राच्या आवांक्याबाहेरची नाहीं; १९१२ सालच्या त्या हिशेबास त्रैराशिकापलीकडचें गणित लागलें नव्हतें.

नदीचें मूळ शोधूं नये असें पूर्वज म्हणाले, तें मोठ्या माणसांच्या उणिवा उकरूं नयेत या अर्थानें. म्हणीचा तो अर्थ तसाच राहूं द्यावा. परंतु खऱ्या नदीच्या बाबतींत मात्र आतां उलट वागलें पाहिजे. तिच्या मुळापासून मुखापर्यंत कोणता ओढा कोठें मिळतो, कोणतें गटार कोठें पडतें, कोणत्या महिन्यांत तिच्यांत किती पाणी असतें, हें गांवांतील शाळकरी मुलांस देखील ठाऊक असलें पाहिजे. खारपाणाच्या मुलुखांत गोड पाण्याचा जो एक धागा डोंगरांतून खालीं येतो तो तुटला, तर विहीर त्याची जागा घेऊं शकणार नाहीं. ज्या लोकांनीं आपल्या ओढ्यास गंगा म्हटलें, त्यांच्या वारसांनीं त्या नांवाची लाज राखावी, इतकेंच नळगंगेचें मागणें आहे.